दुधापाशी अडलेली अहिंसा

शाकाहाराला भारतीय परंपरेत दोन वेगळे आधार आहेत. एक पावित्र्याचा आणि दुसरा अहिंसेचा. पावित्र्याच्या बाजूने विचार करणारा माणूस विचारतो, या अन्नाने खाणारा विटाळतो का? अहिंसेच्या बाजूने विचार करणारा विचारतो, या अन्नासाठी कोणाला इजा झाली? पहिल्याचे लक्ष खाणाऱ्यावर असते, तर दुसऱ्याचे मारल्या जाणाऱ्या जीवावर. मांसाच्या बाबतीत दोघांचे उत्तर एकच येते, म्हणून रोजच्या व्यवहारात हा फरक जाणवत नाही. इतर पदार्थांपाशी तो उघडा पडतो. बडोद्यात वैष्णव घरात कांदा शिजत नाही, कारण तो तामसी मानला जातो. शेजारच्या जैन घरातही तो शिजत नाही, पण तिथे कारण आहे कंदात वास करणाऱ्या असंख्य जीवांचे. कांदा दोन्हीकडे वर्ज्य असला तरी त्यामागचे नीतिशास्त्र वेगळे आहे. दुधाकडे आले की हे दोन आधार एकमेकांच्या विरोधातच जातात. पावित्र्याच्या उतरंडीत दूध आणि तूप सर्वांत वर आहेत. अहिंसेच्या हिशेबात मात्र दूध कुठे बसते, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

हा वाद बडोद्याइतका जवळून क्वचितच कुठे पाहायला मिळतो. अठराव्या शतकापासून १९४९ पर्यंत या गुजराती शहरावर मराठ्यांचे राज्य होते. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत स्थिरावलेल्या दक्षिणी मंडळींत शाकाहारी ब्राह्मण होते, तसेच मटण आणि मासळी आवडीने खाणारी मराठा आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घराणीही होती. भोवती जैन, पुष्टिमार्गी वैष्णव आणि स्वामिनारायण संप्रदायाची घरे, मुसलमानांचे मोहल्ले आणि पूर्वेला छोटा उदेपूरच्या बाजूचा राठवा आदिवासींचा मुलूख. गुजरात म्हणजे शाकाहार हे समीकरण लोकांच्या मनात पक्के असले तरी ते अर्धेच खरे आहे. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार गुजरातेत सुमारे ६१ टक्के प्रौढ शाकाहारी होते, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के मांस, मासे किंवा अंडी खाणारे. महाराष्ट्रात शाकाहारींचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होते.

प्राचीन ग्रंथांत या विषयावर एकमत नाही, आणि ते आहे असे दाखवण्याचा हट्ट शाकाहाराच्या समर्थकांनी आणि विरोधकांनीही सोडायला हवा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात यज्ञातल्या मांसाला मुभा आहे. त्याच अध्यायात कापणाऱ्याबरोबर विकणारा, रांधणारा आणि खाणारा यांनाही हिंसेचे वाटेकरी ठरवले आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म मांसत्यागाचे मोठे माहात्म्य सांगतात. पण महाभारतातला सर्वांत खोल युक्तिवाद वनपर्वात आहे आणि तो मिथिलेच्या एका खाटकाच्या तोंडी घातला आहे. कौशिक नावाचा गर्विष्ठ ब्राह्मण धर्म शिकायला या धर्मव्याधाकडे येतो. व्याध मांस विकतो, स्वतः मात्र मारत नाही आणि मांस खातही नाही. तो ब्राह्मणाला दाखवून देतो की नांगर जमिनीत शिरताच असंख्य प्राणी मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव असतो आणि चालताना पायाखाली किती जीव चिरडले जातात याची गणती नसते. संपूर्ण अहिंसक असा कोणीच नाही. यत्न करणाऱ्याच्या हातून हिंसा कमी होते, एवढेच.

शाकाहाराविरुद्ध आज जो आक्षेप नवा म्हणून मांडला जातो, तो या कथेत पूर्वीच आला आहे. शेतीतही प्राणी मरतात. उंदीर मारले जातात, किडे मारले जातात, मग मांसाला नावे का ठेवायची? व्याधाच्या उत्तराचा रोख स्पष्ट आहे. हिंसा अटळ आहे म्हणून सगळी हिंसा सारखी ठरत नाही, आणि ‘कमी’ या शब्दाला नीतीमध्ये खरे वजन आहे. एखादा प्राणी वाढवून खायचा तर त्याला आयुष्यभर चारा आणि धान्य लागते. ते पिकवताना होणारी हिंसा मांसाच्या खात्यात जमा होते आणि शेवटी त्या प्राण्याचा जीवही जातो. त्यामुळे नांगराखाली मरणाऱ्या जीवांचा विचार प्रामाणिकपणे केला, तर तो मांसाहाराच्या बाजूने जात नाही.

‘कमी’ म्हणजे किती कमी, हे जैन परंपरेने जितक्या बारकाईने मोजले तितके इतर कोणी मोजले नाही. एक इंद्रिय असलेल्या वनस्पतीपासून पाच इंद्रियांच्या पशू आणि माणसापर्यंत जीवांची श्रेणी लावून, जितकी इंद्रिये अधिक तितकी हिंसा गंभीर, असे तिथे मानले जाते. कंद उपटला की झाडाचा समूळ नाश होतो आणि त्यातले अनंत जीव जातात, म्हणून बटाटा, कांदा, गाजर वर्ज्य. बडोद्याच्या गाड्यांवर बटाट्याऐवजी कच्चे केळे घालून केलेली ‘जैन’ पावभाजी मिळते, ती याच तत्त्वज्ञानामुळे. मध निषिद्ध. दूध, दही, तूप मात्र चालते. तपात ती विगई म्हणून सोडली जातात, कारण ती विकार वाढवतात. तिथे विचार खाणाऱ्याच्या संयमाचा होतो, गाईचा होत नाही. इतक्या सूक्ष्म हिशेबात गाय सुटली कशी, हे समजायला कठीण नाही. त्या काळच्या गोपालनात वासरू पिऊन उरलेले दूध घेतले जाते अशी समजूत होती आणि बऱ्याच अंशी तसे घडतही असावे.

मराठीच्या आरंभकाळात अहिंसेचा हाच विचार महानुभाव पंथात दिसतो. परंपरेप्रमाणे भडोचच्या प्रधानाच्या घरी जन्मलेले चक्रधरस्वामी तेराव्या शतकात महाराष्ट्रात आले आणि त्यांच्या पंथाने अहिंसा कडकपणे पाळली. लीळाचरित्रात पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावणारा ससा स्वामींच्या मांडीखाली लपतो आणि स्वामी पारध्यांना परतवतात. या प्रसंगात विटाळाचा संबंधच नाही. सारे लक्ष भ्यालेल्या सशाकडे आहे.

विसाव्या शतकात बडोद्याने या वादाला ग्रंथांचे भक्कम साहित्य पुरवले. बडोद्याचे महाराज सयाजीराव तिसरे यांच्या आश्रयाने सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५ पासून गो. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेला ‘मानसोल्लास’ छापून आला. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याचा हा बाराव्या शतकातला ग्रंथ. त्यातल्या अन्नभोगाच्या प्रकरणात वडे आणि इडलीसारखे पदार्थ आहेत आणि त्यांच्याच शेजारी रानडुकराचे, कासवाचे, शेतातल्या उंदराचे मांस भाजण्याच्या कृती आहेत. दख्खनचा जुना स्वयंपाक सरसकट सात्त्विक होता, अशी कल्पना त्यानंतर कोणाला बाळगता येऊ नये.

याहून मोठी खळबळ धर्मानंद कोसंबी यांनी उडवली. गोव्यातल्या सांखवाळचे हे स्वशिक्षित पाली पंडित. सयाजीरावांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे वेतन दिले, त्यावर त्यांचे बौद्ध वाङ्मयाचे काम उभे राहिले. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात असताना आणि नंतर ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी आधारांसह मांडले की बुद्ध मांस खात होते आणि त्या काळच्या जैन श्रमणांनाही भिक्षेत मिळालेले मांस वर्ज्य नव्हते. जैन समाजात संताप उसळला. मात्र कोसंबींना मांसाहाराचे समर्थन करायचे नव्हते. जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या चातुर्याम, म्हणजे चार व्रतांच्या, धर्मात त्यांना बुद्धाच्या शिकवणीचे मूळ दिसत होते, आणि जून १९४७ मध्ये सेवाग्रामला त्यांनी स्वतः अन्नत्याग करून, जैन सल्लेखनेच्या वाटेने देह ठेवला. ज्या परंपरेच्या इतिहासाबद्दल त्यांना विरोध सोसावा लागला, तिचेच व्रत त्यांनी मरणासाठी निवडले. या एका आयुष्यावरून कळते की अहिंसा मानायला पूर्वज निर्दोष ठरवावे लागत नाहीत.

बुद्धाने भिक्षूंना घातलेला नियम तीन अटींचा होता: प्राणी आपल्यासाठी मारलेला पाहिलेला नसावा, ऐकलेला नसावा आणि तशी शंकाही नसावी. भिक्षेवर जगणाऱ्याला हा नियम शोभतो. दुकानात पैसे मोजून घेणाऱ्याला तो लावता येत नाही, कारण तिथे प्रत्येक खरेदी ही पुढच्या कत्तलीची मागणी असते. बौद्धांच्याच महायान शाखेतल्या लंकावतार सूत्राने मांसाचा स्पष्ट निषेध केला आहे.

पावित्र्याच्या आधाराचे खरे रूप बडोद्याने १९१७ मध्ये पाहिले. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले भीमराव आंबेडकर त्या वर्षी संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. नाव लपवून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि काही दिवसांतच त्यांनी बडोदे सोडले. पुढे १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी आहार आणि जात यांचा संबंध उकलला. हिंदू समाज शाकाहारी, गोमांस सोडून इतर मांस खाणारे आणि गोमांस खाणारे अशा तीन थरांत विभागला आहे आणि अस्पृश्यतेची रेषा दुसऱ्या आणि तिसऱ्या थरामधून जाते, हे त्यांचे निरीक्षण. बौद्धांवर मात करण्यासाठी ब्राह्मणांनी गोवध आणि मांस सोडले, हा त्यांचा ऐतिहासिक सिद्धांत सर्व अभ्यासकांना मान्य नाही. निरीक्षण मात्र खोडता येत नाही. जो शाकाहार माणसाला हीन ठरवण्याचे साधन होतो, त्याला अहिंसा म्हणणे चुकीचे आहे. त्यात प्राण्याविषयी दया असेलही, पण माणसाला झालेली इजा हिशेबात धरलेली नसते.

आता दुधाकडे. गांधींनी १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर असताना, सहकारी कालेनबाख यांच्यासह दूध सोडले. ब्रह्मचर्याबरोबरच, कलकत्त्यात गाई-म्हशींच्या होणाऱ्या क्रूर छळाची हकीकत हेही त्यामागे कारण होते. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या कामात असताना ते गंभीर आजारी पडले आणि शक्ती परत येईना. व्रत घेताना गाय आणि म्हैसच मनात होती, मग शेळीचे दूध का नको, असे कस्तुरबांनी सुचवले आणि त्यांनी ते घेतले. व्रताचा शब्द पाळला, आत्मा मारला, ही बोच त्यांना आत्मकथेपर्यंत पुरली. पुण्यात आगाखान पॅलेसमधल्या कैदेत १९४२ मध्ये लिहिलेल्या आरोग्यावरच्या पुस्तकात त्यांनी दोन धीट गोष्टी मांडल्या. दुधाची जागा घेणारा वनस्पतिजन्य पदार्थ वैद्यकाने शोधावा, ही एक. आणि जो दूध घेतो त्याला निर्जीव, म्हणजे फलित न झालेल्या अंड्याला हरकत घेता येऊ नये, ही दुसरी. ज्या ‘ब १२’ जीवनसत्त्वाने त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दिले, ते वेगळे काढण्यात शास्त्रज्ञांना यश आले १९४८ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी. त्याआधी, १९४४ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन यांनी दूध आणि अंडीही न खाणाऱ्यांचा ‘वीगन’ पंथ नावारूपाला आणला होता.

बडोद्यात वाढलेले विनोबा भावे १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले. त्याच वर्षी ते गांधींना मिळाले. आयुष्याच्या शेवटी त्यांनी गोवंशरक्षणाला सर्व शक्ती लावली. १९७९ मध्ये त्यासाठी उपवास केला आणि जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या देवनार कत्तलखान्यापुढे सत्याग्रह सुरू करवला. मागणी सर्व वयांच्या गाई-बैलांसाठी होती. म्हैस त्यात नव्हती.

ही उणीव साधी नाही. बडोद्यापासून तासाभराच्या अंतरावर आणंद आहे. तिथल्या खेडा जिल्हा सहकारी दूध संघाची नोंदणी १४ डिसेंबर १९४६ ची. बरोडा डेअरी त्याच वाटेने १९५७ मध्ये उभी राहिली. खेडा-बडोदे हा पट्टा सुरती म्हशीचे माहेरघर, आणि भारतातल्या दुधाचा फार मोठा भाग म्हशीचाच असतो. सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीवर घालून फॅटप्रमाणे पैसे घेणाऱ्या लाखो बाया या व्यवस्थेवर घर चालवतात. तिला पाश्चात्त्य कारखानी पशुपालनाच्या रांगेत बसवणे अन्यायाचे होईल. तरीही एक गोष्ट तिच्यात अंगभूत आहे. दूध यायचे तर म्हैस व्यायला हवी, आणि निम्मी पिल्ले नर असतात. ट्रॅक्टर आल्यावर बैलाची गरज आटली. रेड्याची तर शेतीत फारशी कधी नव्हतीच. न पाजलेले रेडकू बरेचदा उपासमारीनेच जाते. भाकड म्हैस व्यापाऱ्याकडे जाते आणि भारत दरवर्षी तीन अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे म्हशीचे मांस निर्यात करतो. गुजरातेत गाय, वासरू आणि बैल यांच्या कत्तलीवर बंदी आहे, सर्वोच्च न्यायालयाने ती २००५ मध्ये वैध ठरवली आणि २०१७ च्या दुरुस्तीने शिक्षा जन्मठेपेपर्यंत गेली. कायद्याने जीव वाचतो, वैरण मिळत नाही. भाकड गाई पांजरापोळात पोचतात किंवा बडोद्याच्या रस्त्यांवर कचऱ्यातले प्लास्टिक चघळतात. मादीच जन्मावी म्हणून आता लिंगनिश्चित रेतन वापरले जाते. त्याने नर पिल्लांचा प्रश्न बराच कमी होईल, भाकड जनावराचा तसाच राहील.

पावित्र्याच्या दृष्टीने या साखळीत काहीच खुपत नाही, कारण पेल्यातले दूध शुद्धच असते. अहिंसेच्या दृष्टीने शाकाहारी माणसाचे पनीर आणि परदेशात जाणारे म्हशीचे मांस ही एकाच व्यवसायाची दोन उत्पन्ने आहेत. ज्याला अहिंसा मनापासून मान्य आहे त्याने मांसापाशी थांबणे तर्काला धरून नाही. त्याला दूध सोडावे लागते, कमी करावे लागते किंवा ज्या जनावराचे दूध घेतो त्याच्या म्हातारपणाचा खर्च दुधाच्या दरात मोजावा लागतो. तिसरा मार्ग सर्वांत भारतीय आहे, पण तो फार थोडे लोक पत्करतात, कारण मग दूध महाग होते आणि ते पुन्हा श्रीमंतांचे अन्न बनते.

पर्यावरणाच्या बाजूनेही दुधाचा प्रश्न सुटत नाही. अन्न आणि कृषी संघटनेने २०१३ मध्ये केलेल्या अंदाजानुसार माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पशुपालनाचा वाटा १४.५ टक्के आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात तयार होणारा मिथेन हा त्यातला मोठा भाग. २०१९ च्या पशुगणनेत भारतात गाई-म्हशींची संख्या सुमारे ३० कोटी भरली. किलोभर पनीरला पाच-सहा लिटर दूध लागते, म्हणून मांस सोडून रोज पनीर खाणाऱ्याने पृथ्वीवरचा भार फारसा हलका केला असे म्हणता येत नाही. तूर, मूग, वाटाणा यांचे गणित उलट आहे. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधतात आणि पुढच्या पिकाचे खत वाचते. महीकाठच्या वासदची तूरडाळ बडोद्याच्या घराघरांत शिजते. दुसऱ्या बाजूला, भारतातले जनावर बव्हंशी कडबा, भुसा आणि सरकीची पेंड खाते, माणसाच्या तोंडचे धान्य नव्हे. शेणखताशिवाय कोरडवाहू जमिनीचा कस टिकवणेही अवघड. पश्चिमेचे आकडे इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते यासाठी.

वनस्पती आहे म्हणून ती निर्दोष, असेही नाही. भाताच्या पाणथळ शेतातून मिथेन निघतो. बडोद्याच्या कारखान्यांचे सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा सुमारे ५५ किलोमीटरचा कालवा १९८३ पासून वाहतो. तो पादरा भागातून जातो, आणि शहराला भाजी पुरवणारा तालुका तोच. पाण्याच्या टंचाईत काठच्या शेतांना हे पाणी दिले जाते, भूजल बिघडले आहे, अशा तक्रारी पर्यावरण-कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे केल्या आहेत. आजच्या काळात अहिंसेचा हिशेब मांडायचा तर त्यात ते पाणी पिणारे गावकरीही धरायला हवेत.

आरोग्याचा प्रश्न नीतीपेक्षा वेगळा आहे. शाकाहार नैतिक आहे म्हणून तो आपोआप पौष्टिक ठरत नाही. ऑक्सफर्डच्या ४८,००० हून अधिक लोकांवरच्या दीर्घ अभ्यासात शाकाहारींना हृदयविकाराचा धोका मांसाहारींपेक्षा २२ टक्के कमी आढळला आणि मेंदूच्या झटक्याचा धोका २० टक्के जास्त. भारतात तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने मधुमेहींची संख्या १०.१ कोटी सांगितली. मैदा, साखर, तळलेले फरसाण आणि पांढरा भात हे सगळे शाकाहाराच्या हिरव्या ठिपक्याचेच पदार्थ आहेत.

सर्वांत गंभीर उणीव ब १२ ची. हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसते. ते जिवाणू तयार करतात आणि रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातून ते दुधा-मांसात येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोनतृतीयांशांत ब १२ कमी निघाले, आणि दूध परवडणाऱ्या शहरी मध्यमवर्गात ही कमतरता सर्वाधिक होती. त्यांच्याच माता-बालकांच्या अभ्यासात गरोदरपणी ब १२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिरोध अधिक आढळला. म्हणजे चहातले दूध आणि वाटीभर ताक यांवर भरवसा ठेवता येत नाही. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम इतकी क्षुल्लक आहे, गोळी जिवाणूंपासूनच बनते आणि ती स्वस्त आहे. दूध सोडणाऱ्याने ती घेतलीच पाहिजे, आणि दूध पिणाऱ्या शाकाहारीनेही रक्त तपासून घ्यावे. निसर्गाच्या विरुद्ध म्हणून तिला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

बाकीच्या गरजा मराठी आणि गुजराती स्वयंपाकघर भागवू शकते, जर ते आपले जुने पदार्थ विसरले नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तेवढ्याच गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट; तिळात त्याहून बरेच जास्त. भाकरीबरोबर आमटी किंवा भाताबरोबर वरण घेतले की धान्यात कमी पडणारे लायसिन डाळीतून मिळते. जवसाच्या चटणीत ओमेगा-३ आहे. डाळी आणि धान्यातले लोह फायटिक आम्ल अडवून धरते. भिजवणे, मोड आणणे, आंबवणे यांनी ते आम्ल घटते आणि लिंबू पिळले की लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून घेतलेला चहा उलटे करतो. बडोद्याची प्रसिद्ध सेव-उसळ ही वाटाण्याची उसळ, त्यावर तर्री, सेव, कांदा आणि लिंबू. दुधाचा थेंब नसलेला हा रस्त्यावरचा पदार्थ, तेल आटोक्यात ठेवले तर, प्रथिनांचे चांगले जेवण आहे.

लहान मुलांच्या बाबतीत अडचण वेगळी असते आणि तिच्यावरचे मोलाचे काम बडोद्यातच झाले. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता यांच्या काळात, १९५० च्या सुमारास, इथे गृहविज्ञान विद्याशाखा सुरू झाली. तिच्यातल्या अन्न आणि पोषण विभागात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या पिठावर संशोधन केले. तान्ह्या मुलासाठी धान्याची पेज शिजवली की पिष्ट फुगून ती घट्ट होते. पातळ करायला पाणी घातले तर पोट भरते आणि ऊर्जा मिळत नाही. मोडाच्या पिठातले अमायलेज पिष्ट तोडते. चमचाभर घातले की घट्ट पेज पातळ होते, पाणी न वाढवता. म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ बसते आणि चिमुकल्या पोटात जास्त ऊर्जा जाते.

या कामाची निकड आकडे सांगतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातमधली पाच वर्षांखालची ३९ टक्के मुले खुरटलेली होती आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या जवळजवळ ८० टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होते. दोष शाकाहाराचा म्हणता येणार नाही. कारणांत दारिद्र्य, जंत, वारंवारची हगवण आणि मातांची अशक्तता आहेत. पण अशा स्थितीत अंडे हा स्वस्त, भेसळ न होणारा आणि ब १२ देणारा पदार्थ आहे, आणि गुजरात सरकार ते शाळेत किंवा अंगणवाडीत देत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये माध्यान्ह भोजनात आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि २०२५ च्या आरंभी त्याचा निधी बंद केला. ज्यांच्या घरी अंडे चालते अशा मुलांनाही ते नाकारले गेले.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बडोदे महापालिकेच्या स्थायी समितीच्या अध्यक्षांनी मांस आणि अंडी विकणाऱ्या गाड्यांना माल झाकून ठेवायला सांगितले. राजकोट, भावनगर आणि अहमदाबादमध्येही तशीच पावले उचलली गेली. मुख्यमंत्र्यांनी, कोणी काय खावे याला सरकारची हरकत नाही, असे सांगितले. डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या फेरीवाल्यांच्या याचिकेवर गुजरात उच्च न्यायालयाने महापालिकेची कडक शब्दांत कानउघाडणी केली. कापडाने झाकल्याने एकही कोंबडी वाचत नाही. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना विटाळ होऊ नये, एवढीच सोय त्याने होते. सार्वजनिक जीवनात शाकाहाराची सक्ती होते तेव्हा तिचा आधार बहुतेक वेळा पावित्र्य असतो, आणि म्हणून ती अंड्याच्या गाडीवाल्यापर्यंत पोचते, सुरती म्हशीच्या रेडकापर्यंत पोचत नाही.

अंड्याऐवजी गुजरातने आदिवासी तालुक्यांतल्या शाळकरी मुलांसाठी दूध संजीवनी योजना आणली. प्रत्येकाला जीवनसत्त्वे घातलेले २०० मिलिलिटर दूध मिळते. ज्या मुलाला पूर्वी काहीच मिळत नव्हते त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. मात्र या मुलांपैकी अनेकांच्या घरात कोंबडी पाळली जाते आणि खाल्लीही जाते. अंडे नाकारताना श्रद्धा त्यांची विचारात घेतलेली नाही. आणि गांधींनी १९४२ मध्ये मांडलेली तुलना इथे पुन्हा लागू होते, कारण बाजारातले अंडे साधारणपणे फलित नसते, आणि दुधामागे मात्र एक वासरू किंवा रेडकू नेहमीच असते.